साळुत्याची हाक

"चला, साळुतं!"

सर टाळी वाजवून एवढंच म्हणायचे आणि आम्ही बावीस जण गोल करून उभे राहायचो. उजवा हात डोक्यावर, टोपलं धरल्यासारखा. डावा हात कमरेवर. पाय रोवून, श्वास पोटात भरून. आणि मग बावीस गळे एकदम सुटायचे.

"साळुतंऽऽ घ्या वोऽऽ, शिंदीचं साळुतंऽऽ!"

हॉलच्या खिडक्यांची तावदानं वाजायची. मृदुला आमच्या नाटकाची नायिका. ती कंबर जास्तच हलवायची. ओढणी पदरासारखी खोचायची. नाक शिंकरून बोटं भिंतीला पुसल्याची नक्कल करायची. पोरं हसून हसून गोलातून बाहेर पडायची. सर स्वतः हसू दाबत म्हणायचे, "अरे हसू नका, श्वास तुटतो."

मीही हसायचे. सगळ्यांच्या बरोबरीनं, दात दाखवून.

ती हाक माझ्या आईची होती. आणि हे त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची, कोल्हापुरातली. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सर एका कॉलेजात शिकवायचे आणि नाटकाचा ग्रुप चालवायचे. राजारामपुरीत एका शाळेच्या वरच्या मजल्यावर हॉल होता, तिथं रोज संध्याकाळी तालीम. तालमीआधी तासभर वॉर्मअप. मान फिरवा, खांदे सोडा, जागेवर पळा. फरशीवर उताणं पडा, पोटावर पालथा हात ठेवा, श्वासाबरोबर हात वर जातोय का बघा. मग आ, ई, ऊ. मग ओठ मिटून हुंकार. सरांचं या बाबतीत फार कडक होतं. वॉर्मअपला उशिरा आलेल्याला ते त्या दिवशी संवाद म्हणू द्यायचे नाहीत. खोटं कशाला बोलू, शिकवायचे छान.

पहिलं वर्ष मी पडदे ओढले, चहा आणला, दुसऱ्यांच्या साड्यांना इस्त्री केली. दुसऱ्या वर्षी सरांनी मला भूमिका दिली. शाळेतल्या बाईंची. कडक इस्त्रीची साडी, चष्मा, आणि गावच्या पुढाऱ्याला त्याच्याच दारात उभं राहून सुनावणारा एक प्रवेश. अकरा मिनिटांचा. मी त्या प्रवेशासाठी जगत होते. माझेच काय, समोरच्याचेही संवाद मला तोंडपाठ होते.

अडचण एकच होती. माझी जीभ. घरात हाय, न्हाय, व्हय. सरांनी मला रोज पन्नास वेळा "आहे, नाही, होय" म्हणायला लावलं होतं. मी घरीही चुलीजवळ बसून म्हणत बसायचे. नाही, नाही, नाही. आई एकदा वैतागून म्हणाली, "कुणाला नगं म्हनतीस गं सारखी?"

आमचं घर कसबा बावड्याच्या पलीकडे, ऊस संपतो तिथं. सरकारी कागदावर मातंग, लोकांच्या तोंडी मांग. वडील साखर कारखान्यात जायचे, सीझनपुरते, गाड्यांमधला ऊस उतरवायला. ग्रुपमध्ये मी फक्त "वडील कारखान्यात" एवढंच सांगितलं होतं. ते काही खोटं नव्हतं. पुढचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आडनावावरून आमचं काही कळायचं नाही, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

आई साळुतं करायची आणि विकायची. साळुता म्हणजे केरसुणी. शिंदीच्या झावळ्या आणायच्या, वाळवायच्या, लोखंडी दात्यावर ओढून बारीक करायच्या, घायपाताच्या दोरीनं मुठीशी आवळायच्या. शिंदीच्या पानाचं टोक काट्याचं असतं. आईच्या बोटांना भाकरी थापतानासुद्धा झोंबायचं. टोपलं डोक्यावर घेऊन ती राजारामपुरीत फिरायची. चार गल्ल्या तिच्या. तिच्या सासूपासून चालत आलेल्या.

मी सहा वर्षांची असल्यापासून लहानसा भारा घेऊन तिच्या मागं जायचे. हाक कशी घालायची हे तिनंच शिकवलं. "घशातनं वराडायचं न्हाय. पोटातनं सोडायचं. घसा उद्या बी लागतोय."

तर त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वॉर्मअपला सर चिडले. "तुम्ही गळ्यातून किंचाळताय. प्रयोगाच्या दिवशी सगळ्यांचे घसे बसणार. आवाज बेंबीच्या देठापासून यायला हवा. तुमच्या पाहण्यात आहे का कुणी, दिवसभर ओरडतं आणि तरी घसा बसत नाही?"

मी हात वर केला.

मला कुणी ढकललं नव्हतं. माझी मीच पुढं झाले. गोलाच्या मध्ये उभी राहिले, हात डोक्यावर नेला आणि आईची हाक घातली. अगदी तिची. "घ्या"वर चढून "वो"वर किंचित खाली येणारी, आणि शेवटी सोडून दिलेली.

हॉल गार झाला. सर दोन पावलं पुढं आले. "कुठं शिकलीस हे?"

आणि मी म्हणाले, "आमच्या गल्लीत एक बाई येते, सर. केरसुण्या विकायला."

साळुतं म्हटलं नाही. केरसुण्या म्हटलं. आणि आईला एक बाई केलं. किती सहज केलं. इतक्या वर्षांनंतरही ते वाक्य आठवलं की माझी मला किळस येते.

सर खूश झाले. "हे असतं खरं! हे पुस्तकात सापडत नाही!" दुसऱ्या दिवसापासून वॉर्मअपमध्ये ती हाक आली. नाव पडलं साळुतं. पहिले काही दिवस सर मलाच मध्ये उभं करायचे, मी घालायची आणि बाकीच्यांनी मागून. मला आवडलं, हेही सांगून टाकते. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये माझ्याकडं शिकण्यासाठी कुणी बघत होतं.

मग गंमत सुरू झाली. आधी मृदुलाची कंबर. मग तिचं नाक शिंकरणं. मग एका पोरानं हाकेच्या शेवटी जोडलं, "शिळं-पाकं वाढा वो माय!" आईनं आयुष्यात कुणाच्या दारात शिळं मागितलं नव्हतं. ती वस्तू विकत होती. मी म्हणाले, "ती बाई असं म्हणत नाही."

"इम्प्रोव्हायझेशन आहे, चालतं," सर म्हणाले.

मी पुन्हा सगळ्यांबरोबर हसले. हसलं नाही तर कुणीतरी विचारलं असतं, तुला का एवढं लागलं?

दिवाळी आली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवा साळुता लागतो. त्याला हळद-कुंकू वाहतात, लक्ष्मी म्हणून पाटावर ठेवतात. त्या आठ-दहा दिवसांत आई सकाळी फिरायची आणि संध्याकाळीही फिरायची, कारण नोकरीवाल्या बायका संध्याकाळीच घरी सापडत. हे मला माहीत होतं. पण हॉल तिच्या गल्ल्यांच्या तीन गल्ल्या पलीकडं होता. मी मनात हिशेब केला होता की ती इकडं फिरकणार नाही.

एक गोष्ट मी विसरले. या धंद्यात हाक म्हणजे हद्द. जिची गल्ली तिची हाक. दुसरीनं त्या गल्लीच्या आसपास आवाज काढायचा नाही. काढला तर तिथल्या तिथं गाठून भांडतात. आणि आमचा व्यायाम असा काही जमला होता की सर म्हणायचे तसा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. बावीस गळ्यांचा. उघड्या खिडक्यांतून. तीन गल्ल्या ओलांडून.

आईला वाटलं, कुणीतरी टोळी करून तिच्या गिऱ्हाइकात शिरलंय. तेही तिचीच हाक चोरून.

ती आवाजाचा माग काढत आली. शाळेचा जिना चढली. आणि दारातूनच कडाडली, "कोन गं ती भवानी? माझ्या गल्लीत माझीच हाक घालती?"

सगळे वळले. आईच्या डोक्यावर टोपलं, त्यात वीस-पंचवीस साळुतं. घामानं कुंकू ओघळलेलं. समोर एकवीस शिकलेली माणसं, डोक्यावर रिकामा हात धरून. आणि मध्ये मी.

तिनं मला पाहिलं. माझा हात अजून डोक्यावरच होता.

"अरे वा!" सर आनंदानं ओरडले. "साक्षात! या मावशी, या, आत या. ही तुमचीच हाक ना?"

"व्हय. माझीच. माझ्या सासूची."

"बघा रे, काय योगायोग आहे. मावशी, आमच्या या मुलीनं आम्हाला तुमची हाक शिकवली. तुम्ही हिच्या गल्लीत जाता ना? ओळखता का हिला?"

आई माझ्याकडं बघत राहिली. फार वेळ नाही. पण तेवढ्यात मला बोलता आलं असतं. एवढंच तर म्हणायचं होतं, सर, ही माझी आई. अकरा मिनिटांचा प्रवेश मी न अडखळता म्हणत होते. हे तीन-चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. मी खाली फरशीकडं बघितलं.

आई म्हणाली, "न्हाय, पावणं. लई दारं हिंडती मी. पोरी लई दिसत्यात."

तिनं माझं खोटं सांभाळलं. भांडायला आलेली बाई क्षणात शांत झाली आणि माझ्यासाठी खोटं बोलली.

सर मागं लागले. "एकदा घाला ना हाक. मुलांनो, नीट बघा, श्वास कुठून येतोय ते बघा."

"हितं? हितं घेनार कोन हाय?"

सगळे हसले. सरही. "घेऊ की आम्ही. घाला."

आईनं हाक घातली. नाटकाच्या हॉलमध्ये, टोपलं डोक्यावर ठेवूनच. एकवीस जण तिच्या पोटाकडं बघत होते. मृदुला तर गुडघ्यावर बसली, अगदी जवळून बघायला. "सर, डायफ्रॅम कसला हलतोय बघा! मावशी, मी हात लावून बघू?" असं म्हणत तिनं उत्तर यायच्या आत आईच्या पोटावर हात ठेवलासुद्धा.

आई झटकन मागं सरकली. "शिवू नगा, बाई."

सवयीनं म्हणाली की रागानं, मला आजही सांगता येत नाही. सरांनी मात्र लगेच मुलांना समजावून सांगितलं, बघा, यांच्या मनात ही शिवाशिव किती खोल रुतलीय. मुलांनी माना डोलावल्या. कुणीतरी वहीत लिहूनही घेतलं.

मग सर म्हणाले, "द्या दोन-तीन, हॉलला होतील."

"आज न्हाईत द्यायला," आई म्हणाली. भरलेलं टोपलं घेऊन ती जिना उतरून गेली.

मी त्या दिवशीची तालीम पूर्ण केली. बाईंचा प्रवेश इतका चांगला झाला की सर म्हणाले, आज तुझ्यात काहीतरी उतरलंय.

घरी गेले तेव्हा आई दात्यावर झावळी ओढत बसली होती. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चप्पलही न काढता दारात उभी राहून म्हणाले, "आये, तू का न्हाय सांगितलंस?"

"तू सांगितलं न्हवतंस. मग मी कशाला सांगू? तुजं काय काम अडायचं."

मला रडू कोसळलं. ती काही उठली नाही, जवळ घेतलं नाही. हातातली झावळी संपवली, दुसरी घेतली.

"रडू नगं. मला एक सांग. ती मानसं हसत का हुती?"

"व्यायाम असतोय आये. घशाचा. आवाज मोकळा व्हायला करत्यात."

"घशाचा व्यायाम." तिनं थोडा विचार केला. "बरं. मग त्यात हसायचं काय हुतं?"

उत्तर मला माहीत होतं, पण ते देण्याची लाज वाटत होती. तीच हाक मृदुलाच्या आजीची असती, देवळातल्या आरतीतली असती, तर ती म्हणताना कुणी नाक शिंकरलं नसतं. डोळे मिटून म्हणाले असते. माझ्या आईची हाक त्यांना घशासाठी हवी होती आणि आई हसण्यासाठी. दोन वर्षं मी कला, कला म्हणून जे डोळे झाकून घेतलं होतं ते तिच्या एका साध्या प्रश्नानं उघडं पडलं. मला राग आला. सरांचा, मृदुलाचा, आणि सगळ्यांत जास्त माझ्या त्या हात वर करण्याचा.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर हॉलवर गेले. मान फिरवली. खांदे सोडले. जागेवर पळाले. सरांनी टाळी वाजवली. "चला, साळुतं!"

एकवीस हात डोक्यावर गेले. माझा नाही.

"काय गं? बरं नाही का?"

"मी ही हाक घालणार न्हाय सर. काल आलेली बाई माझी आई हाय."

हाय. न्हाय. दोन वर्षांची पन्नास-पन्नास वेळांची मेहनत त्या एका वाक्यात पाण्यात गेली. आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग सर पुढं आले. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "केवढं धाडस," ते म्हणाले, आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मृदुलानं येऊन मला मिठी मारली. "अगं, आधी सांगायचंस ना! मी किती मनापासून करायचे ते."

ती माझी आई आहे, यावर टाळ्या. जणू मी कुठला गुन्हा कबूल केला होता आणि त्यांनी मोठ्या मनानं मला माफ केलं होतं.

"आता हा व्यायाम आपण आणखी आदरानं करायचा," सर सगळ्यांना म्हणाले.

"आदरानं बी नको. बंद करा."

सरांचा चेहरा उतरला. "हे बघ, कला ही कुणाची मालमत्ता नसते. आणि हे जातीबितीचं मनात आणू नकोस. आम्ही इथं कुणी तुला कधी जात विचारली का?"

नव्हती विचारली. ते खरंच होतं. विचारली असती तर मी आधीच सावध झाले असते.

त्या दिवशी हाक झाली नाही. आ, ई, ऊ झालं. मला वाटलं, जमलं. मग तालीम सुरू होण्याआधी सरांनी मला बाजूला बोलावलं. आवाज अगदी मायेचा.

"मला एक सुचलंय. नाटकात मोलकरीण आहे ना, ती तू कर. तुझ्यात ते अस्सल आहे, बाहेरून आणावं लागणार नाही. बाईंचं मृदुला सांभाळेल, नायिकेचा आणि बाईंचा प्रवेश एकत्र येत नाही. शिवाय तुझी भाषा अजून घसरते. आत्ताच बघ की, हाय-न्हाय."

कालपर्यंत चालत होतं. काल माझ्यात काहीतरी उतरलं होतं. एका दिवसात मी अस्सल मोलकरीण झाले.

"सर, बाईंची भूमिका माझी हाय. मला शब्दन् शब्द पाठ हाय."

"भूमिका मागायची नसते. दिग्दर्शक देतो ती घ्यायची."

"मग मोलकरीण मी करत न्हाय."

"का? कमीपणा वाटतो? आईच्या कामाचा?"

हा फास होता आणि तो मला दिसला. मी म्हणाले, "आईच्या कामाचा न्हाय वाटत. काल तुम्ही तिच्याकडं जसं बघितलंत, तसं माझ्याकडं रोज बघणार, ते मला नको."

"तुला आम्ही घडवलं," सर म्हणाले. आता मायेचा स्वर गेला होता. "आज गेलीस तर परत दार उघडायचं नाही."

मी संहिता टेबलावर ठेवली. पानांना माझ्या खुणा होत्या, श्वास कुठं घ्यायचा त्याच्या. ती तशीच ठेवून मी जिना उतरले. मागून कुणी हाक मारेल असं वाटत होतं. कुणी मारली नाही.

घरी सांगितलं तेव्हा आई माझ्यावरच उखडली. "दोन वरीस घातलंस, पाठ केलंस, आन् सोडून आलीस? तुज्यापायी मी तोंड मिटलं, आन् तू तोंड उघडून हातातलं घालवलंस?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शाबासकीची मी वाट बघत होते, ती काही मिळाली नाही. ती तिच्या चार गल्ल्यांत दिवाळी संपेपर्यंत फिरत राहिली.

नाटकाला स्पर्धेत बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला. माझी साडी, माझा चष्मा आणि मृदुला. मी तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. मी सोडलेलं बरोबर होतं, पण म्हणून ते कमी दुखलं असं नाही. पुढं बरीच वर्षं मी नाटक बघायलासुद्धा गेले नाही. पोस्टात नोकरी लागली. काउंटरवर बसून मी हाय म्हणते, न्हाय म्हणते. कुणाचं पाकीट त्यामुळं अडलेलं नाही.

सात-आठ वर्षं गेली. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंचा मुलगा नाटकात काम करतो. त्याच्या हातात एक छोटं पुस्तक दिसलं. आवाजाची तालीम, असं काहीसं नाव. लेखक आमचे सर. मी सहज चाळलं आणि एका पानावर थांबले. व्यायामाचं नाव, फेरीवालीची हाक. खाली लिहिलं होतं:

"आमच्या एका विद्यार्थिनीच्या गल्लीत एक बाई येत असे, केरसुण्या विकायला."

माझं वाक्य होतं ते. मी बोललेलं खोटं, छापून, बांधून, दुकानात ठेवलेलं. मी नंतर काय सांगितलं, सगळ्यांसमोर कुणाला आई म्हटलं, त्यातलं एक अक्षर नव्हतं. सरांनी माझं खरं टाकून दिलं होतं आणि खोटं ठेवून घेतलं होतं. पुढं कृती दिली होती. हात डोक्यावर ठेवावा. कंबर सैल सोडावी. आणि शेवटी एक सूचना: "हा व्यायाम करताना हसू आल्यास रोखू नये, त्याने ताण सुटतो."

पुस्तक मागून घेतलं आणि घरी आणलं. आई आता फिरत नाही, गुडघे गेलेत. तिला ते पान वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"म्हंजी हसायचं बी लिवून ठिवलंय," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी सरांच्या घरी गेले. केस पांढरे झाले होते, पण त्यांनी मला ओळखलं. चहा दिला. मी पान उघडून पुढं ठेवलं. ते वाचून जरा गडबडले, मग सावरले.

"चूक झाली. दुसरी आवृत्ती निघणारच आहे. त्यात आईंचं नाव घालू. ऋणनिर्देशात पहिलं नाव त्यांचं. मग तर झालं?"

"नाव नको. हाक काढा."

"अगं, शेकडो मुलांना त्याचा उपयोग होतोय."

"ती व्यायाम न्हाय सर. ती घालायची तर आधी भरलेलं टोपलं डोक्यावर घ्या. चार गल्ल्या उन्हात हिंडा. फाटकाबाहेर उभं ऱ्हाऊन दार उघडायची वाट बघा. मग बघू कुणाला हसू येतंय."

सरांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तू अजून तशीच कडवट आहेस."

"व्हय," मी म्हणाले.

त्यानंतर मी दोन पत्रं पाठवली. रजिस्टर्ड, पोचपावतीसह. पावत्या परत आल्या, उत्तर आलं नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रकाशनाची पत्रिका मात्र परवा ऑफिसातल्या त्या बाईंच्या मुलानं दाखवली. सर्वांना निमंत्रण आहे म्हणे.

मी जाणार आहे. पुस्तक आधी विकत घेणार आणि ते पान शोधणार. ते पान त्यात असेल तर भाषणं चालू असताना मी जागेवर उभी राहणार. मला माईक लागत नाही. आमच्या गल्लीत कुणी एक बाई येत नव्हती, ती माझी आई होती, तिच्या तोंडावर मी तिला नाकारलं, हे मी त्या सगळ्यांना सांगणार. आधी माझं खोटं सांगणार, मग त्यांचं. आणि ते पान फाडल्याशिवाय खाली बसणार नाही.